तीनशे आले, बाराशे कुठे? निराधार अनुदानासाठी बोलणाऱ्या एका गावाचे प्रकरण

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात असलेल्या एका गावात डिसेंबर २०२४ पासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत जे घडले, त्याची ही नोंद आहे. गावातील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि वृद्ध यांना मिळणारे मासिक अर्थसहाय्य काहींच्या बाबतीत अचानक थांबले, काहींच्या बाबतीत तुकड्यातुकड्याने आले, तर काहींना ते पात्र असूनही कधीच सुरू झालेले नव्हते. या तिन्ही प्रकारच्या लोकांनी आपले म्हणणे ग्रामसभेपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत नेले. त्यातले काही मान्य झाले आणि काही अजून कागदावरच आहे. गावाचे आणि माणसांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. त्यांचे अनुदान दरवर्षीच्या पडताळणीवर अवलंबून असते, आणि उघडपणे बोलण्याची किंमत या प्रकरणात किती खरी होती हे पुढे येईलच.

हिवाळ्यात मागे राहणारे गाव

गावाची जमीन हलकी आणि मुरमाड आहे. बाजरी, तूर, सोयाबीन आणि थोडा कापूस पावसाच्या भरवशावर होतो. दिवाळी झाली की गावातील धडधाकट माणसांचा मोठा भाग ऊसतोडीला निघून जातो आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना हिशेब कोयत्यावर करतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी असते. ज्या बाईचा नवरा वारला किंवा तिला सोडून गेला, तिला एकटीला उचल सहसा मिळत नाही. मिळालीच तर अर्ध्या कोयत्याची मिळते, आणि तीही फडावर सोबतीला भाऊ किंवा मुलगा असेल तर. त्यामुळे अशी बाई गावातच राहते. ती कापूस वेचते, तुरीची सोंगणी करते, रोजगार हमीचे काम निघाले तर त्यावर जाते, आणि बहुतेक वेळा स्वतःच्या मुलांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या दिराची-भावाची मुलेही सांभाळते.

याचा परिणाम असा की नोव्हेंबर ते मार्च या काळात गावात जे लोक उरतात, ते जवळजवळ सगळेच समाजकल्याणाच्या कोणत्या ना कोणत्या योजनेचे हक्कदार असतात. एरवी ग्रामसभेत मागच्या ओळीत बसणारी ही माणसे हिवाळ्यात गावात बहुसंख्य असतात. २६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी याच काळात येते, ही गोष्ट गावाच्या कारभाऱ्यांच्या लक्षात कधी आली नव्हती. गणसंख्येअभावी ती सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते, एवढाच तिचा लौकिक होता.

पैसा कोणत्या वाटेने येतो

प्रकरण समजण्यासाठी पैशाची वाट आधी समजून घ्यावी लागते, कारण गावकऱ्यांचे पहिले काही आठवडे ती वाट ठाऊक नसल्यामुळेच वाया गेले.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. ६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांचे कुटुंबीय अशा अनेक गटांसाठी ती आहे, तर ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दोन्हींची रक्कम जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये झाली. याशिवाय केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमातील निवृत्तिवेतने आहेत. हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्यातील वृद्धांचा केंद्राचा हिस्सा तेव्हा ७५ रुपये होता आणि पुढे २०० झाला. ऐंशी वर्षांखालील वृद्धांसाठी तो आजही २०० रुपयेच आहे. दारिद्र्यरेषेखालील विधवांसाठी केंद्राचा हिस्सा ३०० रुपये आहे. केंद्राच्या यादीत ज्यांचे नाव आहे त्यांना राज्य सरकार उरलेली रक्कम देऊन बेरीज १,५०० करते, म्हणजे वृद्धाला २०० अधिक १,३०० आणि विधवेला ३०० अधिक १,२००. लाभार्थ्याच्या दृष्टीने ही एकच पगार असते (गावात अनुदानाला सगळे पगारच म्हणतात), पण हिशेबाच्या दृष्टीने तिचे दोन भाग असतात आणि ते दोन वेगवेगळ्या तिजोऱ्यांतून निघतात.

यात आणखी एक फाटा आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात या योजनांची तरतूद सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा स्वतंत्र लेखाशीर्षांखाली, म्हणजे खर्चाच्या वेगवेगळ्या खात्यांखाली, होते आणि निधीही तसाच वेगवेगळा वितरित होतो. त्यामुळे एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या दोन विधवांपैकी एकीचे पैसे आले आणि दुसरीचे आले नाहीत, असे सहज घडते. त्यात कोणाचा पक्षपात असतोच असे नाही. एका लेखाशीर्षात निधी पोचलेला असतो आणि दुसऱ्यात तो संपलेला असतो. ज्याला हे माहीत नाही, त्याला मात्र त्यात शेजारणीची ओळख, पुढाऱ्याची चिठ्ठी किंवा जात दिसते. या गावातही पहिल्या महिन्यात तसेच झाले आणि दोन वस्त्यांमध्ये बोलाचाली होण्यापर्यंत गोष्ट गेली.

पूर्वी निधी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत तहसीलला येत असे, तहसील कोषागारात देयक सादर करी आणि लाभार्थ्यांची यादी बँकेकडे जाई. डिसेंबर २०२४ पासून ही रक्कम राज्याच्या थेट लाभ हस्तांतरण प्रणालीतून आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागली. मधला विलंब आणि मधले हात कमी व्हावेत हा त्यामागचा हेतू रास्त होता. पण आधारवरचे नाव, जन्मवर्ष किंवा खात्याची जोडणी यांत जराशी विसंगती असलेला प्रत्येक माणूस त्या चाळणीतून खाली पडला, आणि आपण खाली पडलो हे त्याला कोणी कळवले नाही.

सगळ्यांच्या सह्यांचे पहिले निवेदन

डिसेंबर सरता सरता गावातील बँक मित्राच्या (बँकेचे व्यवहार गावातच करून देणाऱ्या प्रतिनिधीच्या) दुकानासमोर रोज सकाळी रांग लागू लागली. अंगठा यंत्रावर ठेवायचा, तो उमटला तर शिल्लक ऐकायची, नाही उमटला तर हात पुसून पुन्हा ठेवायचा, आणि शिल्लक तीच ऐकून घरी जायचे, असा क्रम चालला. गावातील एका निवृत्त शिक्षकाने निवेदन लिहून दिले. ‘निराधारांचे थकीत मानधन त्वरित अदा करावे, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ असा त्याचा मजकूर होता. खाली सह्या आणि अंगठे घेऊन काही जण ते तहसील कार्यालयात देऊन आले. पोच म्हणून आवक विभागाचा शिक्का मिळाला. पुढे काही झाले नाही.

हे निवेदन का फसले, हे नीट पाहण्यासारखे आहे. कार्यालयाची अनास्था हे एक कारण असेल, पण ते एकमेव नव्हते. त्या कागदावर ज्यांच्या सह्या होत्या, त्यांच्यात निधीअभावी राज्याचा हप्ता न आलेले लोक होते, आधारच्या घोळात अडकलेले लोक होते, ज्यांचा अर्ज समितीपुढे कधी ठेवलाच गेला नव्हता असे होते, आणि ज्यांचे पैसे प्रत्यक्षात दुसऱ्याच खात्यात जमा होत होते असेही लोक होते. अशा कागदावर कोणताही कारकून एकच शेरा मारू शकतो, तो म्हणजे ‘निधी उपलब्ध होताच कार्यवाही करण्यात येईल’. तो शेरा काही जणांच्या बाबतीत खरा होता आणि म्हणूनच बाकीच्यांच्या बाबतीत सोयीचा होता.

दुरेघी वही

वळण आणले ते बचत गटाच्या हिशेबनीस बाईंनी. गटाच्या बैठकीत प्रत्येकीचा हप्ता वेगळ्या रकान्यात लिहिण्याची त्यांना सवय होती, आणि तीच रीत त्यांनी इथे लावली. शाळकरी मुलांच्या दुरेघी वहीत त्यांनी रकाने पाडले: नाव, योजना, प्रवर्ग, बँक, शेवटची जमा कोणत्या तारखेची, किती रकमेची, आणि आधार शेवटचे कुठे जोडले. गावातील ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या तरुणाने शेवटच्या रकान्याचे काम केले, कारण कोणत्या आधारला कोणते खाते जोडलेले आहे हे मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीशिवाय दिसत नाही आणि अनेकींच्या आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक ऊसतोडीला गेलेल्या मुलाचा होता. मुलाला फडावर फोन लावायचा, त्याने रेंज शोधायची, क्रमांक सांगायचा, आणि तोवर त्याची मुदत संपायची. वहीचा एकेक रकाना भरायला किती खटाटोप लागतो याची कल्पना यावी म्हणून हा तपशील दिला आहे.

वहीचे एक पान येथे उघडून दाखवावे असे आहे. पन्नाशीच्या एका विधवेचे पासबुक नोव्हेंबरनंतर कोरे होते. तिची नोंद ‘पगार बंद’ अशीच झाली असती. पण शेवटच्या रकान्यासाठी चौकशी करताना असे निघाले की २०२४ च्या पावसाळ्यात, ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या अर्जांची झुंबड उडाली तेव्हा, गावात आलेल्या एका शिबिरात तिचेही दुसऱ्या बँकेत शून्य शिलकीचे खाते उघडले गेले होते. निराधारचे १,५०० मिळत असल्यामुळे लाडकी बहीण योजनेस ती पात्र नव्हतीच, पण खाते उघडले गेले, आधार त्याला जोडले गेले आणि त्या खात्याचे कार्ड डब्यात पडून राहिले. थेट हस्तांतरण सुरू झाल्यावर पैसे आधारला शेवटी जोडलेल्या त्या खात्यात जाऊ लागले. तिचे सगळे हप्ते तिथे सुरक्षित होते. तहसीलने तिचा एक पैसाही अडवलेला नव्हता, आणि तरीही घरात मीठ-मिरचीला पैसा नव्हता.

दुसऱ्या एकीच्या पासबुकात दर महिन्याला ३०० रुपयांची जमा नियमित दिसत होती आणि १,२०० ची नव्हती. म्हणजे तिचे आधार ठीक होते, खाते ठीक होते आणि केंद्राचा हिस्सा पोचत होता. अडले होते ते राज्याचे. हा फरक एकदा वहीत उतरल्यावर लोकांचे चार गट आपोआप पडले. पहिल्या गटाचे काम बँकेत होते, दुसऱ्याचे तहसीलच्या पडताळणी यादीत, तिसऱ्याचे राज्याच्या सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाकडून येणाऱ्या निधीत, आणि चौथ्या गटाला अनुदान कधी मिळालेच नव्हते. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठे काम हेच होते. मोर्चा, घोषणा आणि निवेदने या सगळ्यांपेक्षा या वर्गीकरणाने अधिक पैसे हलवले.

२६ जानेवारीची सभा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे सर्वसाधारण ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. अनेक गावांत ती सह्यांपुरती असते. या वेळी ती खरोखर झाली, शाळेच्या व्हरांड्यात, आणि त्यात चारही गटांच्या याद्या वाचून दाखवण्यात आल्या. वाचताना एक अडचण पुढे आली. आपली पगार किती, कोणत्या खात्यात, कधीपासून हे चारचौघांत वाचले जाणे काहींना नको होते. एकीच्या सुनेला सासूचे पैसे येतात हेच ठाऊक नव्हते आणि सासूला ते तसेच राहू द्यायचे होते. शेवटी नावाऐवजी वहीतील क्रमांक वाचायचे ठरले. सरकारी याद्या मात्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नावानिशी लागतात, याचाही उल्लेख तेव्हा कोणीतरी केला.

ग्रामसभेची गणसंख्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते. त्या दिवशी ती भरली. सरपंचांनी सर्व विषय एकत्र करून ‘गावातील सर्व निराधारांना पगार मिळावी’ असा एकच ठराव मांडण्याचे सुचवले. हेतू चांगला होता, शिवाय असा ठराव कोणालाही दुखावत नाही. बायकांनी मात्र चार वेगळ्या ठरावांचा आग्रह धरला. बँकेने आधारजोडणीसाठी गावात एक दिवस माणूस पाठवावा हा पहिला ठराव होता. पडताळणीत प्रलंबित असलेल्यांची यादी तहसीलने ग्रामपंचायतीला द्यावी हा दुसरा. राज्य हिश्श्याचा निधी कोणत्या लेखाशीर्षात, कोणत्या महिन्यापासून प्रलंबित आहे ते लेखी कळवावे हा तिसरा, आणि चौथा ठराव उत्पन्नाच्या मर्यादेबद्दल होता. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ते इतिवृत्तात स्वतंत्र क्रमांकांनी लिहिले.

ग्रामसभेचा असा ठराव तहसीलदारांवर बंधनकारक नसतो, हे स्पष्ट करायला हवे. ग्रामसभेने ठरवले म्हणजे झाले, अशी समजूत पसरवणारे कार्यकर्ते लोकांची फसवणूकच करतात. ठरावाचा उपयोग वेगळा असतो. त्याला क्रमांक आणि तारीख असते, आणि त्यावर काय केले असे पुढच्या सभेत विचारता येते.

तहसील आणि लोकशाही दिन

तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत गेलेल्या बायकांमध्ये ३०० रुपयांची जमा असलेली ती विधवा पुढे होती. तिने पासबुक टेबलावर उघडून ठेवले.

“सायेब, तीनशे आलेत. बाराशे कुठं अडकलेत, तेवढंच सांगा.”

“मावशी, केंद्राचा हिस्सा वेगळा येतो, राज्याचा वेगळा,” नायब तहसीलदार म्हणाले.

“ते ठाव हाय आम्हाला. राज्याचा कुठं थांबला, ते लिहून द्या.”

माहिती असलेल्या माणसाशी अधिकारी वेगळ्या सुरात बोलतो, आणि याला अपवाद फार थोडे. प्रलंबित पडताळणीची यादी त्याच आठवड्यात मिळाली. तीत काही नावे इंग्रजी स्पेलिंगमधल्या एका अक्षराने अडली होती. आधारवर वडिलांचे नाव आणि योजनेच्या यादीत नवऱ्याचे नाव, असेही प्रकार होते. ही कामे तालुक्याच्या पातळीवरच मिटणारी होती आणि टप्प्याटप्प्याने मिटली. बँकेचा माणूस गावात आला, जरा उशिरा आला, पण दिवसभर बसला. पहिले दोन गट अशा रीतीने मार्गी लागले.

निधीच्या प्रश्नावर मात्र तहसीलने जिल्ह्याकडे बोट दाखवले, आणि ते चूक नव्हते. गावकऱ्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकण्यासाठी होणाऱ्या लोकशाही दिनाचा मार्ग धरला. तिथे कळले की तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते, ती विहित नमुन्यात आधी द्यावी लागते, आणि सामूहिक निवेदन तिथे चालत नाही. अनेक संघटना याच टप्प्यावर चिडून परततात. इथे वही पुन्हा कामाला आली. ज्यांची राज्य हिश्श्याची जमा थांबली होती, त्या प्रत्येकीचा वेगळा अर्ज पासबुकाच्या छायाप्रतीसह तयार झाला, आणि एका मागणीचे अनेक वैयक्तिक अर्ज झाले. उत्तरात कोणत्या महिन्यांचा निधी अप्राप्त आहे ते लेखी मिळाले. रक्कम त्यानंतर काही काळाने एकत्रित जमा झाली. ती या अर्जांमुळे झाली की आर्थिक वर्ष संपत आल्यामुळे, हे प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. मार्चअखेर अनेक लेखाशीर्षांत एरवीही पैसा हलतो.

एकवीस हजारांची अट

चौथा गट सर्वांत मोठा नव्हता, पण या प्रकरणाचा गाभा तोच आहे. संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्ही योजनांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला साधारण ५८ रुपये.

गावकऱ्यांनी या आकड्याची तुलना सरकारच्याच दुसऱ्या आकड्याशी केली. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. विधवेने ७१ दिवस रोजगार हमीवर काम केले की तिचे उत्पन्न २१,००० च्या वर जाते. कायद्याने तेव्हा देऊ केलेले १०० दिवस तिने पूर्ण भरले, तर ते २९,७०० होते आणि नियमाप्रमाणे ती निराधार राहत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्या भागात अजून सांगितल्या जातात आणि रोजगार हमीचा खरा अर्थ ज्या भागाला ठाऊक आहे, त्या भागात एका हक्काने दुसरा हक्क बुडावा, हे विशेष खटकणारे आहे.

दुसरी तुलना अधिक बोचरी होती. लाडकी बहीण योजनेसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि रक्कम तीच, १,५०० रुपये. ती योजना वयाच्या ६५ वर्षांपर्यंत आहे. म्हणजे ज्या बाईला ६४ व्या वर्षी अडीच लाखांच्या मर्यादेत बसून पैसे मिळतात, तिने पासष्टी ओलांडली की तिला श्रावणबाळकडे जावे लागते आणि तिथे मर्यादा जवळजवळ बारा पटीने खाली येते. हात चालेनासे होण्याच्या वयात दार अरुंद होते. वहीत अशा वयाच्या बायकांसाठी एक वेगळे पान होते.

मग प्रश्न असा की २१,००० ची अट असताना गावात इतके लाभार्थी होतेच कसे? त्याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी लिहीत नाही. उत्पन्नाच्या दाखल्यावर मर्यादेच्या आत बसणारा आकडा येतो. दाखला देणाऱ्यालाही तो खरा वाटत नाही, आणि घेणारीला तर तो खोटाच माहीत असतो. एवढ्या पैशांत कोणतेही कुटुंब जगत नाही, त्यामुळे नियम अक्षरशः पाळला तर योजना ओस पडेल. ती चालते ती या संमत असत्यावर. आणि जिथे नियम पाळताच येत नाही, तिथे कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हे नियम ठरवत नाही, माणसे ठरवतात. मध्यस्थाचे दुकान तिथेच चालते. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुका समितीचे अध्यक्षपद अशासकीय, म्हणजे राजकीय नियुक्तीचे असते. त्या नियुक्त्या रखडल्या किंवा २०२४ सारख्या वर्षात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांची आचारसंहिता लागली की बैठका लांबतात, आणि फाईल ‘कुणाला सांगून’ पुढे काढावी लागते अशी लोकांची खात्री होते.

चौथ्या ठरावावर ग्रामसभेत सर्वांत कमी हात वर झाले, त्याचे कारणही हेच होते. ज्यांना अनुदान मिळते त्यांनी मर्यादा वाढवा असे म्हणणे म्हणजे आपले उत्पन्न २१,००० पेक्षा जास्त आहे अशी कबुली देणे, अशी भीती होती आणि ती अनाठायी नव्हती. ‘पडताळणी लागंल सगळ्यांची’ असे एका वृद्धाने उघड म्हटले. थकीत हप्ता मागताना हात वर करणारी माणसे इथे गप्प राहिली. शेवटी ज्यांना काहीच मिळत नव्हते, म्हणजे गमावण्यासारखे ज्यांच्याकडे काही नव्हते, त्यांनीच तो ठराव मांडला आणि अनुमोदन दिले. गरिबांच्या बाजूने जनमत का उभे राहत नाही, असा प्रश्न शहरात विचारला जातो. त्याचे एक उत्तर या अटीच्या रचनेत आहे: ती लाभार्थ्याला कायमचे गप्प ठेवते.

लेखी नकार

या गटासाठी गावाने धरलेला मार्ग इतर गावांना सहज सुचणारा नाही. उत्पन्न खरे लिहून अर्ज करायचे, ते नाकारले जाणार हे गृहीत धरायचे, आणि नकार लेखी मागायचा असे ठरले. आपल्या निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. त्याचा हवाला अर्जातच दिला गेला.

यामागचा विचार निधीशी जोडलेला होता. अर्थसंकल्पात तरतूद किती करायची हे मंजूर लाभार्थ्यांच्या संख्येवरून ठरते. ज्याने अर्जच केला नाही, किंवा ज्याला तोंडी ‘तुमचं बसत नाही’ म्हणून परत पाठवले, तो कोणत्याही तक्त्यात येत नाही आणि त्याच्यासाठी पैसा मागण्याचे कारणही कोणापुढे उभे राहत नाही. तोंडी नकाराने सरकारचा खर्च वाचतो आणि गरजही पुसली जाते. लेखी नकार मात्र मोजता येतो. ‘उत्पन्न २१,००० पेक्षा अधिक असल्याने अपात्र’ असे लिहिलेले कागद एका गावातून जमा झाले, तर आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारायला काहीतरी हाती लागते.

तसे कागद जमा झाले. सगळे नाही. काही अर्जांवर उत्तरच आले नाही, आणि दोन-तीन अर्जदारांना ‘दाखला बदलून आणा, बसवून देतो’ असा सल्ला मिळाला. त्यांपैकी एकीने तो मानला आणि तिची पगार सुरू झाली. बाकीच्यांना तिचा राग आला. मला येत नाही. घरात दोन मुले असलेल्या बाईने राज्याचे धोरण बदलेपर्यंत उपाशी थांबावे, ही अपेक्षा कोणत्याही चळवळीने ठेवू नये.

हा अर्जांचा गठ्ठा स्थानिक आमदारांकडे अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या सुमारास पोचला. २०२५-२६ चा राज्य अर्थसंकल्प १० मार्च २०२५ रोजी मांडला गेला होता. त्यात यासाठी काही होण्याची वेळ टळून गेली होती, आणि पावसाळी अधिवेशनातील पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्यात मागितला जाणारा जादा निधी, एवढाच मार्ग उरला होता. उत्पन्नमर्यादा मात्र पुरवणी मागणीने बदलत नाही, त्यासाठी शासन निर्णय लागतो. तो निघाला नाही.

दबाव आणि निर्णय यांचे नाते राज्यपातळीवर कसे दिसते, याचे एक उदाहरण त्याच वर्षी घडले. जून २०२५ मध्ये माजी आमदार आणि प्रहार जनशक्ती पक्षाचे नेते बच्चू कडू यांनी अमरावती जिल्ह्यातील गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले. त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांच्या मानधनवाढीचा समावेश होता आणि मागणी ६,००० रुपयांची होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने या योजनांतील दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम १,५०० वरून २,५०० केली. गावातील दिव्यांगांना त्याचा लाभ होणार होता, विधवांना आणि वृद्धांना नाही. दिव्यांगांची संघटना राज्यभर आहे, मागणी एका आकड्यात सांगता येते, आणि ती मागताना कोणाला स्वतःचे उत्पन्न उघडे करावे लागत नाही. रक्कम वाढवून मागणे आणि मर्यादा वाढवून मागणे यांत हा फरक आहे, आणि बालाघाटातील या गावाची चौथी मागणी दुसऱ्या प्रकारची होती. केंद्राच्या २०० रुपयांचेही तसेच आहे. संसदेच्या ग्रामविकासविषयक स्थायी समितीने ती रक्कम वाढवण्याची शिफारस एकाहून अधिक वेळा केली, तरी ती हललेली नाही.

ऊसतोडीला गेलेले लोक परत आल्यावर १ मेच्या ग्रामसभेत विषयपत्रिकेवर पुन्हा पाणंद रस्ता, घरकुलांची यादी आणि पाण्याची टाकी हेच विषय आले आणि निराधारांचा विषय ‘आयत्या वेळच्या विषयांत’ गेला. तेव्हा हिशेबनीस बाईंनी चारही ठरावांवर काय कार्यवाही झाली ते इतिवृत्तातील क्रमांकांसह विचारले. पहिल्या तिघांची उत्तरे नोंदवली गेली. चौथ्यापुढे ‘शासनस्तरावर प्रलंबित’ असे लिहिले गेले आणि तो पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर कायम ठेवण्यात आला. वही आता बचत गटाच्या पेटीत असते, आणि दर महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर प्रत्येकीचे पासबुक पाहून तिच्यात जमेची तारीख लिहिली जाते.